खाडीतल्या बेटावरच्या शाळेला सोलर आणि शौचालय द्यायचंय: सहा लाखांत काय करावं?

प्रश्न मी माझ्या शब्दांत पुन्हा मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. मालवण तालुक्यातल्या खाडीत एक लहान बेट आहे. होडीशिवाय जाता येत नाही. तिथे जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा आहे, पट एकोणीस. मुंबईतल्या माजी विद्यार्थ्यांनी सहा लाख रुपये जमवलेत. पाच किलोवॅटचं सोलर आणि एक ‘बायो-टॉयलेट’ द्यायचा विचार आहे आणि एका पुरवठादाराचं कोटेशन हातात आहे. पॅनल कोणत्या कंपनीचं घ्यावं आणि एवढ्या पैशात दोन्ही बसेल का, असं तुम्ही विचारलंय.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात खाडीकाठच्या शाळांमध्ये मी हीच कामं करतो, आणि बंद पडलेल्या ज्या यंत्रणा मला बघायला बोलावतात त्यांत पॅनल सहसा ठणठणीत असतं. मेलेली असते ती बॅटरी. गंजलेला असतो तो बोल्ट. आणि कुलूप असतं ते शौचालयाला. म्हणून तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: ऑगस्टच्या झडीत वर्गात दिवा लागेल का, एप्रिलमध्ये संडासात ओतायला पाणी असेल का, आणि आत्ताचे गुरुजी बदलून गेल्यावरही हे दोन्ही चालू राहील का?

तुम्ही वीज आधी लिहिलीत, शौचालय नंतर. देणगी देणाऱ्यांचं बहुतेक असंच होतं. पॅनलसमोर फोटो छान येतो, सेप्टिक टाकीसमोर कोण उभं राहणार? पण मी क्रम उलटा धरायला सांगेन. आधी पाणी, मग शौचालय आणि मग या दोघांना व वर्गांना पुरेल एवढीच वीज. बेटावर ही तीन कामं एकमेकांत अडकलेली असतात. पाणी वर चढवायला वीज लागते, पाणी नसलं की शौचालय घाण होऊन बंद होतं आणि शौचालयाची जागा चुकली तर पिण्याची विहीरच बिघडते.

यात कोकणच्या हवामानाचा एक पेच आहे. सिंधुदुर्गात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे जुलैत पाणी उदंड, ऊन नाही. एप्रिल-मेमध्ये ऊन उदंड आणि विहीर तळाला. त्यात शाळा सुरू होते जूनच्या मध्यावर, म्हणजे शाळेच्या वर्षाचे पहिले साडेतीन महिने सोलरसाठी सगळ्यात वाईट. पॅनल भरभरून वीज देतं तेव्हा मे महिना असतो आणि शाळेला सुट्टी. कोटेशनमध्ये ‘रोज वीस युनिट’ असं काहीतरी लिहिलं असेल. तो वर्षाचा सरासरी आकडा आहे. आपल्याकडे एक किलोवॅट पॅनल मार्चमध्ये दिवसाला चार-साडेचार युनिट देतं, जुलै-ऑगस्टमध्ये दोन ते अडीच आणि सलग झड लागली की त्या दिवसांत एकाच्याही खाली जातं. हिशोब करायचा तो या शेवटच्या आकड्यावर.

आता गरज किती ते बघू. दोन वर्ग, एक ऑफिस आणि पोषण आहाराची खोली आहे असं धरतो. बीएलडीसी पंखा तीस वॅटच्या आसपास खातो. जुना पंखा पंच्याहत्तर खायचा, तेव्हा पंखे बदलणं हाच सगळ्यात स्वस्त सोलर. असे चार पंखे पाच तास म्हणजे सहाशे वॅट-तास. पावसात कौलाखाली दिवसाही अंधार असतो, म्हणून सहा एलईडी ट्यूब चार तास धरा, साडेचारशे. टीव्ही दोन तास, राउटर, टॅब चार्जिंग, पाण्याचा लहान पंप थोडा वेळ, असं सगळं मिळून दिवसाला दीड युनिट. त्यात एक छुपा ग्राहक असतो, तो म्हणजे इन्व्हर्टर. मोठा इन्व्हर्टर काहीही न चालवता नुसता चालू राहायलाच चाळीस-पन्नास वॅट खातो. रात्रंदिवस ठेवला तर युनिटभर वीज त्यातच जाते, शाळेच्या गरजेच्या जवळजवळ दोन तृतीयांश. म्हणून इन्व्हर्टर लहान घ्या आणि शाळा सुटताना तो बंद करायचा, हे सातवीच्या मुलांच्या रोजच्या कामांत घाला. मग सगळं धरून दोन युनिटच्या आत बसतं.

म्हणजे तुम्हाला पाच नको, दोन किलोवॅट पुरतात. सोबत पाच युनिट साठवणारी बॅटरी असली की दोन-तीन काळे दिवस निघतात. पाच किलोवॅट घेतलेत तर वाईट काही होणार नाही, पण उरलेले तीन किलोवॅट मे महिन्यात रिकाम्या शाळेवर ऊन खात बसतील आणि त्यांचे पैसे पाण्याच्या टाकीतून गेलेले असतील.

इथे एक गोष्ट तुमच्या माहितीवर अवलंबून आहे, ती तुम्ही लिहिली नाहीत. बेटावर महावितरणची लाईन आहे का? काही बेटांवर खाडी ओलांडून खांब गेलेत, काहींवर नाहीत. लाईन असेल तर पुरवठादार हमखास ‘ऑनग्रिड’, म्हणजे लाईनला जोडून चालणारं सोलर सुचवतो, कारण ते स्वस्त पडतं, बॅटरी लागत नाही. पण साधी ऑनग्रिड यंत्रणा लाईन गेली की स्वतःही बंद होते. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. खाडीपलीकडे झाड पडून तीन दिवस वीज नसेल, तर छपरावर पॅनल असूनही शाळा अंधारातच. बिल कमी करायचं असेल तर ऑनग्रिड ठीक. तुमचा उद्देश तो दिसत नाही.

लाईन अजून आली नसेल, तरी उद्या येऊ शकते. घारापुरी मुंबईच्या डोळ्यांसमोर असून तिथे समुद्राखालून केबल टाकून वीज पोहोचायला २०१८ साल उजाडलं. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा. म्हणून हायब्रिड इन्व्हर्टर घ्या. आज लाईनशिवाय चालेल, उद्या लाईन आली तर तिलाही जोडता येईल.

बॅटरीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण पैसा तिथेच बुडतो. बारा व्होल्ट दीडशे अँपिअर-अवरची लेड-अॅसिड ट्यूब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोची असते. पाच युनिट वापरण्याजोगी साठवण हवी तर अशा पाच-सहा लागतात, कारण त्या निम्म्याच्या खाली उतरवल्या की लवकर मरतात. त्या चिखलातून होडीत चढवायच्या, उतरवायच्या, दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालायचं आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा तीच वरात उलटी न्यायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी घालायला कोणी नसतं, आणि तो एकच उन्हाळा बॅटरीला पुरतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढीच साठवण पन्नास किलोच्या आसपास येते, पाणी घालायची भानगड नाही आणि आयुष्य दुपटीहून जास्त. महाग आहे खरी, पण बेटासाठी मी दुसरं काही सुचवणार नाही. कोटेशनमध्ये नुसतं ‘१५० एएच बॅटरी’ लिहिलंय की प्रकारही लिहिलाय, ते बघा.

खाऱ्या हवेचं म्हणाल तर ती पॅनलच्या काचेला काही करत नाही, सांध्यांना खाते. सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइझ केलेला हवा, झिंकचा थर किमान ऐंशी मायक्रॉन. चंदेरी रंग मारलेला लोखंडी सांगाडा दोन पावसाळ्यांत पापुद्रे टाकतो. नट-बोल्ट स्टेनलेस ३१६ चे मागा. बाजारात सर्रास ३०४ देतात, शहरात ते चालतात, खाडीवर त्यांच्यावर तांबूस डाग धरतात. पॅनलला सॉल्ट-मिस्ट चाचणीचा, म्हणजे आयईसी ६१७०१ चा दाखला आहे का ते विचारा. हा प्रश्न विचारल्यावर पुरवठादार कसा गडबडतो, त्यावरून पुष्कळ कळतं.

वाऱ्याचं गणित वेगळं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आदळलं आणि २०२१ च्या मेमध्ये तौक्ते किनाऱ्याला घासत वर गेलं. दोन्ही वेळा शाळांची कौलं आणि पत्रे उडाले. मंगलोरी कौलांवर पॅनल बसवू नका. वासे ते ओझं आणि वाऱ्याची उचल सहन करत नाहीत, शिवाय बसवतानाच इतकी कौलं फुटतात की पुढच्या पावसात वर्ग गळतो. माझी नेहमीची युक्ती अशी: नवीन शौचालयाच्या खोलीवर आरसीसी स्लॅब टाकायचा आणि पॅनल त्यावर. एकच बांधकाम दोन कामं करतं, तारा लहान राहतात आणि शिडी लावून एका माणसाला पॅनल पुसता येतं. फक्त ती जागा माडाखाली नको. सावली तर पडतेच, पण झावळी किंवा नारळ पडला की काच संपली. माड तोडा असं मी म्हणणार नाही, तिथे कोणी म्हणूही देणार नाही. जागा बदला. पावसाळ्यात पॅनलच्या खालच्या कडेला शेवाळ धरतं, ते महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने काढलं की झालं. आणखी एक, सगळ्यात मोठी पॅनलं घेऊ नका. साडेपाचशे वॅटचं पॅनल सव्वादोन मीटर लांब आणि अठ्ठावीस किलोचं असतं आणि वाऱ्यात होडीत ते शिडासारखं वागतं. सव्वातीनशे-साडेतीनशेची सहा घ्या.

वीज कमी पडण्यापेक्षा आभाळातली वीज पडून यंत्रणा जाण्याचे प्रसंग जास्त. मे-जून आणि परतीच्या पावसात गडगडाट होतो तेव्हा सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा) आणि नीट केलेलं अर्थिंग नसेल तर इन्व्हर्टर पहिल्याच फटक्यात जातो. जांभ्या दगडात अर्थिंग सहज मिळत नाही, खूप खोल किंवा केमिकल अर्थिंग करावं लागतं. खाडीच्या ओल्या मातीत ते झटकन मिळतं, पण रॉड लवकर गंजतो, म्हणून दर दोन वर्षांनी तपासायचं.

विजेचं एवढं पुरे. आता पाणी, म्हणजे माझ्या मते निम्मं काम.

अशा बेटावर जमिनीखाली खारं पाणी असतं आणि पावसाचं गोडं पाणी त्यावर सायीसारखं तरंगतं. हा थर फार जाड नसतो. विहिरीतलं पाणी जोरात उपसलं की वरची पातळी जेवढी खाली जाते, त्याच्या कित्येक पटींनी खालचं खारं पाणी वर चढू बघतं. शास्त्रात हे प्रमाण चाळीस पटींपर्यंत मांडतात. आता ही गोष्ट सोलरशी जोडून बघा. एप्रिलमध्ये ऊन भरपूर, सोलर पंप फुकट चालतो, टाकी भरून वाहते आणि नेमक्या त्याच महिन्यात साय सगळ्यात पातळ असते. बेटावर ताकदवान सोलर पंप बसवणं म्हणजे वाडीची विहीर स्वतःच्या हाताने खारी करणं. म्हणून पंप लहान, पाव एचपीच्या आतला, टाकी भरली की आणि विहीर उतरली की आपोआप बंद होणारा. दिवसभरात हळूहळू पाणी चढू दे, घाई कुणाला आहे? आणि ती विहीर शाळेची एकटीची नसते. पंप बसवण्याआधी वाडीत बसून बोला, नाहीतर पहिल्या मे महिन्यात कुणीतरी वायर काढून ठेवेल आणि त्याचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही.

पिण्यासाठी आणि पोषण आहारासाठी पावसाचं पाणी साठवा. शाळेचं छप्पर साठ चौरस मीटर धरलं तर वर्षभरात त्यावरून दीड लाख लिटरच्या जवळपास पाणी वाहून जातं. आपल्याला त्यातलं चिमूटभर हवंय. वीस माणसं, माणशी पाच लिटर, जानेवारी ते एप्रिलचे साधारण शंभर शाळेचे दिवस, म्हणजे दहा हजार लिटर. तेवढी फेरोसिमेंटची टाकी बेटावरही बांधता येते. जाळी, सिमेंट आणि रेती होडीने जातात आणि गवंडी दोन आठवड्यांत उरकतो. रेती मात्र खाडीची वापरू देऊ नका. गवंडी म्हणेल इथलीच धुऊन घेऊ, पण त्यातलं मीठ जाळीला आतून खातं. पहिला पाऊस छपरावरची घाण घेऊन येतो, तो बाहेर सोडायची सोय पन्हळीलाच करायची. टाकी बंद आणि काळोखी हवी, पाणी नळानेच घ्यायचं, तांब्या बुडवायचा नाही. महिन्यातून एकदा एच-टू-एसच्या (पाण्यातले जंतू दाखवणाऱ्या) बाटलीने तपासायचं. बाटलीतलं पाणी काळं झालं तर टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर मापात घालायची. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला ते माप माहीत असतं. आरओ मशीन कुणी देऊ केलं तर आभार मानून नाही म्हणा. निम्म्याहून जास्त पाणी ते फेकून देतं, आणि पावसाच्या पाण्याला त्याची गरजच नसते. बेटावर जलजीवन मिशनचा नळ पोहोचला असेल तर टाकी लहान करता येईल, पण मे महिन्यात त्याला पाणी येतं का हे वाडीतल्या बायकांना विचारा, कागदाला नाही.

आता शौचालय. इथे सगळ्यात जास्त ‘अवलंबून आहे’ असं म्हणावं लागतं, आणि ते बेटाच्या जमिनीवर. रेतीचं आणि गाळाचं सपाट बेट असेल तर जुलैत पाणी जमिनीखाली हातभरावर येतं. जांभ्याचं उंच बेट असेल तर पाणी खोल असतं, पण जांभ्याला भेगा असतात. सरकारी योजनांतलं दोन शोषखड्ड्यांचं शौचालय मला मनापासून आवडतं. एक खड्डा भरला की दुसरा, तोवर पहिल्यातल्या मळाचं खत. कुणाला मैला उपसावा लागत नाही. पण खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा दोन मीटर वर असावा लागतो. सपाट बेटावर हे जमतच नाही, खड्डाच पाण्यात बुडतो. आणि भेगांच्या जांभ्यात सांडपाणी मातीत मुरून गाळलं न जाता सरळ भेगेतून विहिरीत पोहोचू शकतं, मग विहीर दहा मीटरवर असो की वीस. दोन-तीन मीटर चांगली माती असलेली उंच जागा असेल तरच शोषखड्डे करा.

तशी जागा नसेल तर दोन कप्प्यांची लहान सेप्टिक टाकी, तिला जोडून खडी भरलेला अॅनारोबिक फिल्टर (हवेशिवाय जगणारे जिवाणू सांडपाणी साफ करतात तो कप्पा) आणि त्यातून निघणारं पाणी जमिनीच्या वर बांधलेल्या, तळ बंद असलेल्या वाफ्यात. वाफ्यात कर्दळ लावायची. ती आपल्याकडे खतपाण्याशिवाय माजते. यावर पहिला आक्षेप येईल की टाकी उपसायला गाडी बेटावर कशी येणार. येणार नाही, बरोबर. पण एकोणीस मुलं, तीही दिवसाचे पाच-सहा तास. गाळ इतका हळू साठतो की टाकी थोडी मोठी बांधली तर कित्येक वर्षं हात लावावा लागत नाही, आणि उपसायची वेळ येईल तेव्हा माणूस आत उतरवायचा नाही. २०१३ च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईवर बंदी आहे. हातपंपाने बाहेरून ड्रममध्ये काढायचा, एवढ्यासाठी झाकण टाकीच्या वर उघडं राहील असं ठेवा, लाद्यांखाली गाडू नका.

तुमच्या कोटेशनमधलं बायो-टॉयलेट म्हणजे बहुधा डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन संस्थेच्या) तंत्राचा बायोडायजेस्टर, जिवाणूंकडून मैला जिरवणारी टाकी. तंत्र चांगलं आहे, पण दोन गोष्टी पुरवठादार सांगत नाही. एक, त्यातले जिवाणू अॅसिड आणि फिनाईलने मरतात, आणि आपल्या शाळांत शौचालय धुणं म्हणजे अॅसिड ओतणं. दोन, फायबरची रिकामी टाकी जमिनीत पुरली आणि पावसात भूजल वर आलं की ती होडीसारखी वर येते, पाइप तोडून. हजार लिटरच्या टाकीला जवळपास टनभर उचल लागते. म्हणून ती बसवल्याबरोबर पाण्याने भरायची आणि काँक्रीटच्या कॉलरने जखडायची. हे दोन्ही लेखी मान्य असेल तर घ्या. विहीर खारी आहे म्हणून फ्लशला खाडीचं पाणी वापरू, असं कुणी सुचवेल. नको. समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून टाकीत हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. वास तर सुटतोच, शिवाय सिमेंट पोखरलं जातं.

फ्लशची टाकी मुळात लावूच नका. तीव्र उताराच्या रुरल पॅनला, म्हणजे संडासाच्या भांड्याला, दोन लिटर पाणी पुरतं, फ्लशला सहा ते दहा लागतात. केंद्राच्या ‘स्वच्छ विद्यालय’ मोहिमेचं माप चाळीस मुलांमागे एक संडास आणि तीन मुताऱ्या असं आहे, आणि मुलामुलींची सोय वेगळी हवी असं शिक्षणहक्क कायदाच सांगतो. तेव्हा मुलींसाठी एक, मुलांसाठी एक आणि त्यातला एक उताराचा रस्ता आणि धरायला दांडा असलेला. दारं लाकडाची नकोत, फुगतात. लोखंडाची नकोत, गंजतात. एफआरपीची, म्हणजे फायबरची घ्या आणि आतली कडी चांगली बसवा. सहावी-सातवीच्या मुली शौचालय वापरतील की नाही हे त्या कडीवर ठरतं. मुलींच्या बाजूला आतच नळ, बादली आणि झाकणाचा डबा. सॅनिटरी पॅड जाळायचं विजेचं मशीन मात्र देऊ नका. त्याची कॉइल हजार वॅटच्या आसपास खेचते, बॅटरीचा जीव जातो आणि धूर वर्गात येतो. पहिलीच्या मुलांचं पाऊल बेताचं असतं, तेव्हा एक पॅन लहान. हात धुवायचे नळ दोन उंचींवर, शौचालय आणि जेवणाची जागा यांच्या वाटेवर. त्यांचं पाणी केळीला.

थोडक्यात, इथवरचं: दोन किलोवॅट, पाच युनिटची लिथियम बॅटरी, हायब्रिड इन्व्हर्टर, पावसाच्या पाण्याची दहा हजार लिटरची टाकी, विहिरीवर लहान पंप आणि जमीन बघून ठरवलेलं दोन संडासांचं शौचालय.

पैसे कसे वाटावे? मी असलो तर सोलरला सव्वादोन लाख, शौचालयाला दोन, पाण्याला पंच्याऐंशी हजार आणि उरलेल्या नव्वद हजारांना हात लावणार नाही. भाव पुरवठादारागणिक आणि होडीच्या फेऱ्यांगणिक हलतील, प्रमाण मात्र तसंच ठेवा. ते नव्वद हजार मुदत ठेवीत. व्याज महिन्याला पाचशेच्या आसपास येईल, तुम्ही माजी विद्यार्थ्यांनी त्यात तेवढेच घाला. यातून वाडीतल्या एका ताईला रोज शौचालय धुण्याचे पैसे द्यायचे. प्राथमिक शाळेला सफाईचं पद मंजूर नसतं, आणि पट तीसच्या आत असलेल्या शाळेला मिळणारं वार्षिक अनुदान खडू-फळ्यातच संपतं. मुलांकडून धुऊन घेणं हा उपाय नाही. ग्रामपंचायतीकडेही जा. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीत साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेली होती. या कामाला तसा निधी कुठल्या वर्षाच्या आराखड्यात बसेल ते ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) सांगतील, तेवढा तुमचा पैसा मोकळा होईल.

कागद कंटाळवाणे आहेत, पण टाळू नका. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी आणि काम झाल्यावर प्रत्येक वस्तूची डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायमच्या वस्तूंच्या वहीत नोंद. नोंद नसली तर बदलून आलेल्या शिक्षकांना ती वस्तू आपल्या ताब्यात आहे हेच माहीत नसतं. भरतीरेषेजवळ बांधत असाल तर सीआरझेडचं (किनारा नियमन क्षेत्राचं) अंतर ग्रामपंचायतीतून तपासून घ्या. आणि एक अप्रिय गोष्ट: पट वीसच्या आत आहे. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार सरकारने २०२३ मध्ये पुढे आणला होता. बेटावरच्या मुलांना रोज होडीने पाठवणं सोपं नाही, त्यामुळे तुमची शाळा टिकेल अशी आशा धरू. पण पॅनलचा सांगाडा बोल्टने उघडता येईल असा करा, काँक्रीटमध्ये गाडू नका, आणि ठरावात लिहून घ्या की शाळा हलली तर यंत्रणा वाडीच्या पाणी योजनेला किंवा अंगणवाडीला जाईल.

राहिला दुरुस्तीचा प्रश्न. पुरवठादाराचा पाच वर्षांचा देखभाल करार म्हणजे बहुतेक वेळा एक फोन नंबर. होडीने जायचं म्हटलं की तंत्रज्ञ ‘पुढच्या आठवड्यात’ येतो. करारात दिवसांची मुदत आणि उशिराची कपात घाला, आणि शेवटचे दहा टक्के एक पावसाळा काढल्यावर द्या. खरी दुरुस्ती बेटावरच्याच माणसाच्या हातात असायला हवी. तिथे बोटीचं इंजिन खोलून बसवणारा कुणी ना कुणी असतोच. फ्यूज बदलणं, सांधे घासून ग्रीस लावणं, इन्व्हर्टरवरचा एरर कोड वाचून फोनवर सांगणं त्याला अर्ध्या दिवसात जमतं. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ही मंडळी घरी सापडतात. पुरवठादाराच्या माणसाला शिकवायला तेव्हाच आणा. शौचालयाची एक चावी धुणाऱ्या ताईकडे राहू दे. नाहीतर ‘चावी गुरुजींकडे आसा, गुरुजी मीटिंगक गेलेत’ हे उत्तर तुम्हाला दर भेटीत ऐकू येईल.

काम ऑक्टोबरच्या शेवटी सुरू करा, बांधकाम फेब्रुवारीपर्यंत आटपेल. सामान भरतीच्या वेळेला भरायचं, ओहोटीला होडी चिखलात बसते आणि हमालीचे पैसे तास मोजत वाढतात. पण एक गोष्ट ऑक्टोबरपर्यंत थांबू शकत नाही. पाऊस चालू असतानाच गावाकडच्या कुणाला तरी टेप घेऊन बेटावर पाठवा. विहिरीच्या कठड्यापासून पाणी किती खाली आहे ते भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा मोजायचं, आणि शौचालयासाठी ठरवलेल्या जागी कमरेएवढा खड्डा खणून दुसऱ्या दिवशी त्यात पाणी कुठवर आलं ते बघायचं. ते आकडे, खड्ड्यातून काय निघालं, रेती की जांभा, आणि कोटेशनमधलं बॅटरीचं पान इथे टाका. शोषखड्डे की सेप्टिक टाकी, हे त्यावरून सांगतो.